हेल लेट लूज : नेमबाजीपेक्षा माइक महत्त्वाचा. पहिलं मत

रानवाट
दुसऱ्या महायुद्धावरचा हेल लेट लूज हा व्हिडिओ गेम खेळायला घेतलाय. २०२१ साली पूर्ण स्वरूपात आलेला हा खेळ. दोन्हीकडे ५०-५० खेळाडू, आणि वॉरफेअर प्रकारातला सामना दीड तासापर्यंत चालतो. युद्धावरच्या मल्टिप्लेअर खेळात मला जे हवं होतं ते इथे सापडलं, आणि ते नेमबाजीत नाही.

सुरुवात जड जाते. पडद्यावर जवळजवळ काहीच नसतं. शत्रू दाखवणारा छोटा नकाशा नाही, गोळी लागली का ते सांगणारा हिटमार्कर नाही, कुणी मारलं ते दाखवणारा किलकॅम नाही. झुडपांच्या रांगेमागून एक आवाज येतो आणि तुम्ही मेलेले असता.

पण थोडं खेळल्यावर कळतं की खरी झुंज गॅरिसनची आहे. गॅरिसन म्हणजे मेलेल्या खेळाडूंना परत उतरता येईल अशी अख्ख्या संघाची जागा. ती ऑफिसर (सहा जणांच्या तुकडीचा, म्हणजे स्क्वॉडचा म्होरक्या) किंवा कमांडर (अख्ख्या संघाचा प्रमुख) बांधतो, त्यासाठी सपोर्टवाल्याने (सामान पुरवण्याची भूमिका घेतलेल्या खेळाडूने) सप्लायची पेटी टाकावी लागते, आणि शत्रू अगदी जवळ आला की तिथे उतरणं बंद होतं. ज्यांची गॅरिसन हुशारीने मांडलेली असतात त्यांच्यापुढे समोरचे पट्टीचे नेमबाजही हतबल होतात. एकही गोळी न झाडता, योग्य कुंपणाआड योग्य वेळी पेटी टाकून सामना फिरवता येतो. अशा कामाला इतकं मोल मला दुसऱ्या कुठल्या नेमबाजीच्या खेळात दिसलं नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

तिसरी_घंटा
मला पटत नाही. तुम्ही वर्णन केलंय तो चांगला सामना. वाईट सामन्यात काय होतं? गॅरिसन कुणी बांधलेलंच नसतं. मागच्या तळावरून शेतं तुडवत धावत यायचं, न दिसलेल्या गोळीने मरायचं, परत धावायचं. स्क्वॉडचा ऑफिसर माइकवर गप्प असेल तर बाकीच्या पाच जणांची संध्याकाळ गेली. ज्या खेळाची मजा पूर्णपणे अनोळखी माणसांच्या मर्जीवर अवलंबून आहे त्याची रचना मी अपुरी मानतो.

२०१६ चा बॅटलफील्ड वन हा खेळ आठवा. ६४ खेळाडू, पहिलं महायुद्ध. ऑपरेशन्स प्रकारात लढाई सुरू होण्याआधी निवेदनातून सांगत की ही कुठली मोहीम, कोण कशासाठी झगडतंय. मागे पडलेल्या बाजूला प्रचंड हवाई जहाज किंवा चिलखती रेल्वेगाडी मिळे आणि सामना जिवंत राही. नवखा माणूसही दहा मिनिटांत युद्धाच्या धुमश्चक्रीत असे. नवख्याला सामावून घेणं हेही रचनेचंच काम आहे.

रानवाट
ती रेल्वेगाडी मागे पडलेल्यांना आयती मिळते, माझा आक्षेप तिथेच आहे. इथे मागे पडलात तर कुणीतरी बाजूने लांबचा वळसा घालून शत्रूच्या मागे नवीन गॅरिसन उभं करावं लागतं. ते जमलं की पन्नास जणांचा सामना पुन्हा उभा राहतो, आणि तो आपल्यातल्याच कुणीतरी उभा केलेला असतो.

जुनापुराणा
मी इतिहासाच्या ओढीने या खेळाकडे आलो. नकाशे त्या काळच्या हवाई छायाचित्रांवरून आणि आजच्या उपग्रह चित्रांवरून बांधलेत, हे चालताना जाणवतं. पर्पल हार्ट लेन हा नकाशा घ्या. फ्रान्समधल्या नॉर्मंडीत कॅरेंटनकडे जाणारा तो उंचावलेला रस्ता, दोन्हीकडे पाण्याने भरलेली शेतं, लपायला जागा नाही. ११ जून १९४४ ला अमेरिकेच्या १०१व्या हवाई डिव्हिजनचे लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट कोल यांनी तिथेच धुराच्या पडद्याआडून संगिनी लावून हल्ला चढवला. हुकूम सगळ्यांपर्यंत नीट पोचला नव्हता, त्यामुळे सुरुवातीला त्यांच्यामागे थोडेच सैनिक निघाले. हल्ला तरीही यशस्वी झाला. मेडल ऑफ ऑनर या अमेरिकेच्या सर्वोच्च लष्करी सन्मानासाठी कोल यांची शिफारस झाली, पण तो मिळण्याआधीच सप्टेंबर १९४४ मध्ये ते नेदरलँड्समध्ये मारले गेले. निरोप न पोचणं हा युद्धाचाच भाग आहे, म्हणून मी रानवाट यांच्या बाजूने.

तिसरी_घंटा
हे उदाहरण माझ्या बाजूने जातं. कोल यांच्यामागची माणसं अनेक महिने एकत्र शिकलेली, एकमेकांना ओळखणारी होती. तरीही निरोप चुकला. इथे कालपर्यंत खेळ न उघडलेला माणूस एक बटण दाबून ऑफिसर होतो. सैन्यात शिस्तीमागे प्रशिक्षण असतं. खेळाने शिस्तीची अपेक्षा ठेवली आणि प्रशिक्षण वाऱ्यावर सोडलं, तर त्याला मी वास्तववाद म्हणणार नाही.

जुनापुराणा
हा मुद्दा मान्य.

चिलखत
रणगाड्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. एक चालवणारा, एक तोफेवर, एक त्या रणगाड्याचा कमांडर. चालवणाऱ्याला समोरचं जेमतेम दिसतं, त्यामुळे तो पूर्णपणे कमांडरच्या तोंडाकडे कान लावून असतो. "थांब, मागे, डावीकडे" एवढ्यावर तिघांचा जीव. समोरचं चिलखत जाड, मागचं पातळ, म्हणून रणगाडा वळवायचा कसा हाही बोलण्याचाच विषय. हा अनुभव मला दुसरीकडे मिळालेला नाही. माझं मत रानवाट यांना.

मूकसंमती
तुम्ही सगळे माइक गृहीत धरताय. मला एका कानाने ऐकू येत नाही. गोळी कुठून आली ते या खेळात बरंचसं कानाने ओळखायचं असतं, आणि ऑफिसर काय सांगतोय ते गोळीबाराच्या गदारोळात मला कळत नाही. हिटमार्कर आणि छोटा नकाशा काढून टाकणं हे तुमच्यासाठी वातावरण असेल, माझ्यासाठी ते दार लावून घेणं आहे. बॅटलफील्ड वनमध्ये शत्रूवर खूण केली की ती साऱ्या संघाला दिसायची, माझ्यासारख्याचं काम भागायचं.

रानवाट
मूकसंमती, सपोर्टची भूमिका घेऊन बघा असं सुचवेन. ऑफिसर मोठ्या नकाशावर खुणा टाकतो, त्या वाचून त्याच्या मागोमाग राहायचं आणि पेटी टाकायची. तिथे कानापेक्षा नकाशा जास्त उपयोगी पडतो. दिशेचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. गोळी कुठल्या बाजूने आली याची पुसटशी खूण ज्याला हवी त्याला चालू करता यायला हवी. त्याने माझ्या खेळातलं काहीही कमी होणार नाही.

तिसरी_घंटा
सपोर्टचा सल्ला उत्तम आहे, आणि तो नवख्याला इथे धाग्यावर मिळतोय. पहिल्यांदा भूमिका निवडताना खेळानेच तो द्यावा, एवढंच मी मघापासून मागतोय.