मदत हवी: १२ चे २४ व्होल्ट करणारं मॉड्यूल भोंगा वाजला की बसतं

मंडळी, दारव्हा तालुक्यात आमचं वावर आहे, हरभरा आणि तूर. रानडुकरं एका रात्रीत तासच्या तास उलथून टाकतात, वरून रोही. बाबांचं वय झालं, थंडीत रोजची जागल आता होत नाही त्यांच्यानं. म्हणून धुऱ्यावरच्या खांबाला हालचाल टिपणारा सेन्सर, ट्रकचा २४ व्होल्टचा १८ वॅट एलईडी फोकस आणि भोंगा बसवला.

बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची. चोरीच्या भीतीनं ती कोठ्यात कुलपात असते. तिथून खांबापर्यंत २५ मीटर दोन पदरी तांब्याची वायर, १ चौरस मिलिमीटर. खांबावरच्या डब्यात एक्सएल ६००९ चं बूस्ट मॉड्यूल, २४ वर सेट केलेलं.

अडचण अशी की नुसता फोकस नीट चालतो, पण भोंग्याच्या प्रत्येक कुईंला उजेड मंदावतो आणि परत यायला अर्धा-एक सेकंद घेतो. दोन्ही चालू असताना बॅटरीच्या टोकाला १२.१ व्होल्ट, मॉड्यूलच्या इनपुटला ९.६, करंट २.९ अँपिअर. भोंग्याच्या झटक्याला इनपुट त्याच्याही खाली जातो, मीटरचा आकडा स्थिर राहत नाही. आउटपुटला मोठा कपॅसिटर लावून पाहिला, फरक नाही. घरी अर्ध्या मीटरच्या वायरवर हेच मॉड्यूल ठणठणीत चालतं.

मॉड्यूलच मंद आहे की चूक माझी? ऑसिलोस्कोप नाही, फक्त मल्टिमीटर आहे.

अपडेट: प्रतिसाद देणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. एका दादांनी वायरचं गणित घालून दिलं. जाऊन-येऊन ५० मीटर, मीटरला साधारण १७.५ मिलिओहम, म्हणजे जवळपास ०.८७ ओहम. २.९ अँपिअरला अडीच व्होल्ट. माझ्या मीटरनंही नेमके तेवढेच दाखवले होते!

खरी गोम मला इथं कळली. बूस्टला २४ टिकवायचे असतात, म्हणून इनपुट घसरला की ते जास्त करंट ओढतं, त्यानं वायरमधली घट वाढते आणि इनपुट आणखी घसरतो. या वायरमधून जेमतेम ४२ वॅट निघू शकतात, भोंग्याचा झटका त्यापलीकडे जात असणार. बूस्टचा मूळचा संथपणा मिलिसेकंदांतला, तो डोळ्याला दिसत नाही. आणि मॉड्यूलवर लिहिलेले ४ अँपिअर आतल्या स्विचचे, आउटपुटचे नव्हेत, हेही मी चुकीचं धरून बसलो होतो.

काल मॉड्यूल कोठ्यात बॅटरीजवळ हलवलं, इनपुटला २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि त्याच वायरीतून २४ व्होल्ट पाठवले. वायरीतला करंट १ अँपिअरवर आला. खांबावर २३.१ मिळतात. रात्री भोंगा तीनदा वाजला, उजेड हलला नाही. बाबा सकाळपर्यंत झोपले.

आता एकच राहिलं. दहा मिनिटं सलग चाललं की चिपवर बोट ठेववत नाही. कोठ्यात कुटाराची धूळ फार, डबा उघडा ठेवता येत नाही. चिपची उष्णता पत्र्याच्या डब्याला द्यायची तर मध्ये वीज अडवणारी अभ्रकाची चकती टाकावी लागेल का? चिपची पाठ कशाला जोडलेली असते, ते कोणी खात्रीनं सांगेल का?