मदत हवी आहे: प्रिंट सर्व्हर पिंगला उत्तर देतो, पण पासबुक छापत नाही

आमच्या पतसंस्थेच्या शाखेत पासबुके छापण्यासाठी एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे. त्याला स्वतःचा नेटवर्क पोर्ट नसल्यामुळे मागच्या पॅरलल पोर्टला एक छोटा प्रिंट सर्व्हर (प्रिंटरला नेटवर्कशी जोडणारी डबी) लावलेला असून तीन संगणकांवरून छपाई होते. गेल्या महिन्यात इंटरनेटवाल्यांनी राउटर बदलून दिला आणि तेव्हापासून ही रड सुरू झाली.

जुना राउटर १९२.१६८.०.१ वर होता आणि प्रिंट सर्व्हरला १९२.१६८.०.५० हा स्थिर पत्ता दिलेला होता. नवा राउटर १९२.१६८.१.१ वर आहे व सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आहे (पत्त्यातले पहिले तीन आकडे सारखे असतील तरच उपकरणे एका नेटवर्कमध्ये), म्हणजे प्रिंट सर्व्हर वेगळ्याच नेटवर्कमध्ये राहिला, इथवर माझ्या लक्षात आले. म्हणून एका लॅपटॉपला तात्पुरता १९२.१६८.०.२० हा पत्ता देऊन तो प्रिंट सर्व्हरला थेट केबलने जोडला, ब्राउझरमध्ये सेटिंगचे पान उघडले आणि पत्ता बदलून १९२.१६८.१.५० केला. गेटवेही (म्हणजे राउटरचा पत्ता) बदलला. तिन्ही संगणकांवर ९१०० क्रमांकाचा नवा टीसीपी आयपी पोर्ट तयार केल्यावर चाचणीचे पान व्यवस्थित छापले गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र छपाई बंद. पिंग केल्यास (त्या पत्त्यावर छोटे संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहिल्यास) चारही उत्तरे येतात, पण प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो आणि सेटिंगचे पान उघडत नाही. प्रिंट सर्व्हर दोनदा रीसेट करून सगळे पुन्हा भरले, केबल बदलली, तरी फरक नाही. त्यात आमचे शिपाईकाका सांगतात की मी दुपारी जेवायला घरी गेलो की अडकलेली पासबुके आपोआप छापली जातात. हा योगायोग म्हणावा की काय, कळत नाही. रात्री राउटर सोडून बाकी सर्व उपकरणे बंद असतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

शिपाईकाकांचे निरीक्षण हसण्यावारी नेऊ नका. छपाई बंद असताना प्रिंट सर्व्हरची नेटवर्क केबल काढा आणि पुन्हा पिंग करा. तरीही उत्तर आले, तर १९२.१६८.१.५० हा पत्ता दुसऱ्याच कोणत्या तरी उपकरणाकडे आहे. पिंगला उत्तर मिळाले म्हणजे त्या पत्त्यावर कोणीतरी आहे एवढेच कळते. ते उपकरण प्रिंट सर्व्हरच आहे याची खात्री त्यातून होत नाही.

त्यानंतर लगेच कमांड प्रॉम्प्टमध्ये arp -a ही आज्ञा द्या आणि त्या पत्त्यासमोर दिसणारा मॅक पत्ता (उपकरणाचा नेटवर्कवरील ओळख क्रमांक) प्रिंट सर्व्हरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलाशी ताडून पाहा. मॅक पत्त्यातील दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई यांपैकी असेल, तर बहुधा तो मोबाइल आहे, कारण हल्लीचे मोबाइल वायफायवर स्वतः तयार केलेला मॅक पत्ता वापरतात. राउटरच्या डीएचसीपीची (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीची) पत्तावाटप मर्यादा कुठून कुठपर्यंत आहे, तेही कळवा.

मूळ प्रश्नकर्ता

केबल काढली, तरी चारही उत्तरे आली! मॅक पत्ता लेबलाशी जुळत नाही आणि त्याचे दुसरे अक्षर ई आहे. शाखेतले सगळे मोबाइल एकेक करून तपासले, तेव्हा १९२.१६८.१.५० हा पत्ता माझ्याच मोबाइलला मिळालेला निघाला. मी घरी गेलो की तो पत्ता प्रिंट सर्व्हरला एकट्याला मोकळा मिळत होता. पत्तावाटप मर्यादा २ ते २५४, म्हणजे जवळजवळ सगळे नेटवर्कच.

प्रतिसाद २

मग कारण उघड आहे. स्थिर पत्ता तुम्ही प्रिंट सर्व्हरमध्ये भरलात, पण राउटरला त्याची काहीच कल्पना नाही. रात्री प्रिंट सर्व्हर बंद असतो, सकाळी तो चालू होण्याआधी तुमचा मोबाइल वायफायला जोडला जातो आणि राउटर ५० क्रमांक मोकळा समजून त्याला देतो. डीएचसीपीची मर्यादा १०० ते २०० करा, प्रिंट सर्व्हर ५० वरच राहू द्या आणि राउटर एकदा बंद करून चालू करा. मोबाइलचे वायफायही बंद करून पुन्हा जोडा, नाहीतर तो जुनाच पत्ता धरून बसेल.

मूळ प्रश्नकर्ता

तसे केले. मोबाइलला आता १०३ मिळाला आहे. आज सकाळपासून मी जागेवरून हललेलो नाही आणि चाळीसेक पासबुके छापून झाली. शिपाईकाकांना चहा पाजला आहे.