प्रतिसाद: भाच्याला दीड लाखाच्या ऑइल-गॅस कोर्सला घालावं का?

भाऊ, भाचा जळगावला मेकॅनिकल डिप्लोमा झालाय आणि कोणी दीड लाखात 'ऑइल-गॅस डिप्लोमा, शंभर टक्के जॉब' सांगतंय म्हणता, तर कपाशीचे पैसे तिकडे अजिबात भरू नका. या लाइनीत ठरावीक सर्टिफिकेटंच चालतात आणि ती कामाप्रमाणे वेगळी. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर जायचं तर ओपिटो या तेल-गॅस क्षेत्रातल्या ट्रेनिंगची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची मान्यता असलेला बोसिएट, म्हणजे समुद्रावरच्या सुरक्षेचा आणि जीव वाचवण्याचा कोर्स, चार वर्षं चालतो, त्यात हेलिकॉप्टरचा सांगाडा पाण्याच्या टाकीत उलटा करतात, आपण पट्टा बांधून आत, एक हात खिडकीवर एक बकलवर, आणि सांगाडा फिरायचा थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही, नाहीतर वर कुठं खाली कुठं तेच कळत नाही. सेंटर मान्यताप्राप्त आहे का ते ओपिटोच्या साइटवर दिसतं, बघूनच पैसे भरा. ड्रिलिंगवाल्यांना आयडब्ल्यूसीएफ या संस्थेचं वेल कंट्रोल, म्हणजे विहिरीतला दाब काबूत ठेवायचं सर्टिफिकेट लागतं, दोन वर्षांनी परत परीक्षा, पण रिगचं काम हातात नसताना फ्रेशरने ते करू नये असं माझं स्पष्ट मत.

मला विचाराल तर पोराला एनडीटीकडे, म्हणजे वस्तू न तोडता आतला दोष तपासायच्या कामाकडे वळवा. अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी तपासणी), रेडिओग्राफी (एक्स-रेसारखी तपासणी), या दोन्हींचं लेव्हल टू सर्टिफिकेट. दीपनगरच्या वीज केंद्रातल्या बॉयलरच्या ट्यूबा काय नि रिफायनरीची पाइपलाइन काय, वेल्डिंगचा जोड तपासायचं तंत्र तेच, त्यामुळे अनुभव घराजवळही मिळू शकतो. त्याआधी ओएनजीसी, रिफायनऱ्यांच्या अप्रेंटिसशिपचे फॉर्म भरायला लावा, तिथं उलट स्टायपेंड मिळतो. आणि आखातात पाठवतो म्हणणारा एजंट असेल तर त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांत आहे का ते पाहिल्याशिवाय पासपोर्ट हातात देऊ नका.