नाताळची जुनी इंग्रजी गाणी: कोणतं रेकॉर्डिंग घ्यावं?

तारसप्तक
सोसायटीच्या नाताळ कार्यक्रमासाठी दीड तासाची यादी करायची आहे, शक्यतो १९४० ते ६५ मधली गाणी. 'व्हाइट ख्रिसमस' शोधलं की एकट्या बिंग क्रॉस्बीचीच ढीगभर रेकॉर्डिंग्ज येतात, नॅट किंग कोलचंही तेच. मूळ कोणतं समजायचं? स्पीकर एकच आहे. शिवाय एक एलपी (लाँग प्ले तबकडी) भेट द्यायची आहे, तीही सुचवा.

जुनी तबकडी
क्रॉस्बीने ते डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी मे १९४२ मध्ये गायलं. प्रती काढून काढून मास्टर (ज्यावरून तबकड्या निघतात ती मूळ प्रत) झिजला, म्हणून मार्च १९४७ मध्ये जॉन स्कॉट ट्रॉटरचाच वाद्यवृंद आणि तेच कोरस गायक घेऊन पुन्हा रेकॉर्ड केलं. आपल्या कानावर पडतं ते बहुधा हे दुसरं. सुरुवातीला बासरी आणि सेलेस्टाची (पियानोसारखं पट्ट्यांचं, घंट्यांसारखं वाजणारं वाद्य) किणकिण आली की ४७चं समजा. कार्यक्रमाला तेच लावा.

कोलचं 'द ख्रिसमस साँग' १९४६ मध्ये दोनदा, मग १९५३ आणि १९६१ असं चारदा येतं. ६१चं स्टिरिओ आहे (डाव्या-उजव्या बाजूला वेगळा आवाज), वाद्यवृंद राल्फ कारमायकलचा. एक खोच लक्षात ठेवा: १९६०च्या 'द मॅजिक ऑफ ख्रिसमस' या एलपीत हे गाणंच नाही. १९६३ मध्ये अल्बमचं नाव बदललं तेव्हा ते घातलं. जुन्या नावाची तबकडी मिळाली तर उगाच शोधत बसाल.

मोनोप्रेमी
ॲपवर दिसणाऱ्या वर्षावर जाऊ नका, ते बऱ्याचदा त्या संग्रहाचं असतं. स्वस्त संग्रहांत कलाकार तोच, पण गाणं पुढे कधीतरी नव्याने गायलेलं, असा प्रकार सर्रास चालतो. बॉबी हेल्म्सच्या 'जिंगल बेल रॉक'ला (मूळ १९५७, डेक्का) हे हमखास होतं. नावापुढे बारीक अक्षरांत 'री-रेकॉर्डेड' दिसलं की सोडून द्या. ब्रेंडा लीचं 'रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री' १९५८चंच घ्या. तेव्हा ती १३ वर्षांची होती आणि त्यात बूट्स रँडॉल्फचा सॅक्सोफोन आहे.

आता स्पीकर. त्या काळच्या स्टिरिओत कधी गायक एका बाजूला, वाद्यं दुसऱ्या बाजूला असतात. फोनमधून मिक्सरला फक्त डावी वायर गेली तर अर्धं गाणं गायब. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करा, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र येतात. आवाज सारखा ठेवणारं नॉर्मलायझेशनही चालू हवं, नाहीतर ४७च्या गाण्यानंतर नवं रीमास्टर (जुनंच रेकॉर्डिंग नव्याने साफ करून काढलेलं) अंगावर येतं. क्रॉसफेड (एक गाणं विरताना पुढचं सुरू होणं) २ सेकंदांच्या वर नको, जुन्या गाण्यांचे शेवट त्यात गिळले जातात.

जुनी तबकडी
मग निर्माता फिल स्पेक्टरचा १९६३चा ख्रिसमस अल्बम घ्याच. तो मुळात मोनोच आहे, १३ गाणी, त्यातली गायिका डार्लीन लव्ह तर अफलातून.

मोनोप्रेमी
अल्बम भारीच, पण सोसायटीच्या स्पीकरवर जपून. डझनावारी वादक एका खोलीत, वर एको चेंबर (आवाज घुमवणारी खोली). बेस वाढवला की सगळ्याचा लगदा होतो. बेस सपाट ठेवा आणि त्यातली दोन-तीनच गाणी घ्या.

तारसप्तक
दोघांचे आभार. एलपीचं राहिलं. एल्विसचा ख्रिसमस अल्बम जुन्या बाजारात दिसतोय, घेऊ का?

जुनी तबकडी
आधी पाठीमागची यादी वाचा. १९५७च्या मूळ अल्बममध्ये १२ गाणी आहेत, त्यातली ४ गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीतं). १९७०ची कॅमडन या स्वस्त लेबलची आवृत्ती त्याच नावाची, पण १० गाण्यांची आणि गॉस्पेल वगळलेली. नवी कोरी चालत असेल तर एला फिट्झजेराल्डचा १९६०चा 'एला विशेस यू अ स्विंगिंग ख्रिसमस' घ्या. भजनी बाज अजिबात नाही, पार्टीला धावतो. बाजारात ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्या दिसल्या तर भेट म्हणून नको. त्यांना ३ मिलची (इंचाचा तीन हजारांश) वेगळी, जाड सुई लागते. एलपीची सुई खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि निव्वळ खरखर ऐकू येते.