वावरातून दोघंही येतो, मग चूल एकटीचीच काहून?

पऱ्हाटीवाली सून:
दिवाळीनंतर कापसाची वेचणी ऐन भरात असते. मी वेचते, माझे मालक गाठोडी बांधतात, बंडीत भरतात, बायांचा कापूस मोजून देतात. दमतो दोघंही. घरी आलो की ते खाटेवर टेकतात अन् मी चुलीपाशी बसते. वाळलेल्या बोंडांची टोकं दिवसभर बोटांत रुतलेली असतात. कणिक मळताना मीठ त्या ओरखड्यांत असं झोंबतं की डोळ्यांत पाणी येतं. कौतुक नको मला. रात्रीची भांडी तेवढी त्यांनी घासावी. हे मागणं जास्त आहे का?

रात्रीचं ओलीत:
ताई, तुमची बोटं दिसतात, आमची रात्र कोणाला दिसत नाही. शेतीची लाइन रात्रीची असली की हरभऱ्याला पाणी द्यायला थंडीत चिखलात उभं राहावं लागते, पायाखाली काय आहे ते बॅटरीच्या उजेडात पाहत. तूर शेंगांवर आली की रानडुकरांपायी मचाणावर जागल. बँक, कृषी केंद्र, जिनिंगवरची रांग, सगळं माझ्याकडंच. आमच्याकडं वाटणी कधीच झालेली आहे. माझा वाटा घराबाहेरचा आहे, म्हणून तो कोणी मोजत नाही.

वर्ध्याची मास्तरीण:
जागल कष्टाची आहे, भाऊ, माझ्या वडिलांची पाहिली आहे. पण जागल हंगामापुरती, चूल बारा महिने. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामाला बायांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. आणि ही ८८ सुद्धा जे घरकामाला हात लावतात त्यांचीच. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा गावोगाव खराटा घेऊन झाडत गेले. त्यांचा फोटो आपल्या भिंतीवर असतो, अन् अंगण झाडणाऱ्या पोराला आपणच ‘बायल्या’ म्हणतो. माझ्या वर्गातली पोरं घरी झाडू लपून मारतात, हे ऐकून जीव तुटतो.

साठीतली सासू:
बाई, माह्यं बी ऐका. या घरात मले इचारून काहीच झालं नाही. वावर इकलं तवा नाही, पोरीचं लगन ठरवलं तवा नाही. एक चूलच माह्या हाती होती. डब्यात दाळ किती, कोनाले किती वाढाचं, ते माह्या मनानं. आता सून म्हनते, पोरगा सैपाक करन. करू दे. पन मंग माह्यं काय उरलं? पोराच्या हाती लाटनं पाहून मले राग येते, तो त्याच्यापायी.

पऱ्हाटीवाली सून:
काकू, माझ्या सासूबाईही मुलगा भांड्यांपाशी गेला की ओरडतात. मी त्याला हट्टच समजत होते. आज पहिल्यांदा वाटलं की त्यांना विचारायला पाहिजे होतं.

यवतमाळचा कास्तकार:
काकूंचं दुखणं भांड्यांच्या आधीचं आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली तेव्हा कितीतरी कास्तकारांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली. आमच्या गावात आज किती बायांचं नाव सातबाऱ्यावर आहे ते मोजायला एका हाताची बोटं पुरतात. आधी ते करा. जिला वावरात हक्क मिळाला ती चूल मोकळ्या मनानं सोडेल. भांड्यांवरून भांडत बसणं मला वरवरचं वाटतं.

पऱ्हाटीवाली सून:
वरवरचं नाही, दादा. सातबाऱ्यावर नाव चढायला वर्ष लागो की दोन, भांडी आज रात्री पडणार आहेत. मला दोन्ही पाहिजे.

रात्रीचं ओलीत:
ज्या आठवड्यात लाइन दिवसा असते, त्या आठवड्यात भांडी माझी. रात्रपाळीत मात्र मी घासणार नाही, तेव्हाही मीच घासावी हे मला पटत नाही. अन् सातबाऱ्याचं म्हणाल तर वावर अजून बाबांच्याच नावे आहे. तिथं आधी आईचं नाव यायला पाहिजे. पोळ्याला सगळे भाऊ घरी येतात, तेव्हा विषय काढतो.