अग्निशमन केंद्रात थेरपी डॉग घेऊन सेवा करायची आहे. सोलापुरात सुरुवात कशी करावी?

नमस्कार. मी जुळे सोलापूर भागात राहते. माझ्याकडे राणी नावाची चार वर्षांची गावठी कुत्री आहे. ती स्वभावाने शांत असून अनोळखी माणसाजवळही निमूट बसते. थेरपी डॉग, म्हणजे ताणात असलेल्या माणसांना शांतपणे सोबत देणारी कुत्री, म्हणून तिला घेऊन अग्निशमन दलाचे जवान आणि १०८ रुग्णवाहिकेवरील कर्मचारी यांच्याकडे नियमितपणे, विनामोबदला जावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

१८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला, तेव्हापासून हा विचार माझ्या मनात आहे. माझे एक नातेवाईक अग्निशमनाच्याच नोकरीत आहेत. मोठ्या वर्दीवरून, म्हणजे आगीची खबर आल्यावर गेलेल्या कामावरून, परतल्यावर ते जेवतात, झोपतात, पुन्हा पाळीवर जातात. काय पाहिले, हे घरात कधी सांगत नाहीत, आणि त्यांना कोणी खोदून विचारू नये, असेच मलाही वाटते. आमच्याकडे आले की मात्र ते राणीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ बसतात, आणि मग आपणहून दोन शब्द बोलू लागतात.

ही भेट म्हणजे उपचार नव्हे, याची मला जाणीव आहे. ज्यांना झोप लागत नाही किंवा तेच प्रसंग वारंवार डोळ्यांसमोर येतात, त्यांना समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक केंद्रात लावता आला, तर तोही लावावा, असे माझे मत आहे.

राणीचे रेबीजचे व इतर लसीकरण वेळेवर झालेले आहे आणि जंतांचे औषधही नियमित चालू आहे. अडचण सायरनची आहे. भेट चालू असतानाच वर्दी आली, तर घंटा, धावपळ आणि बंबाचा आवाज एकदम सुरू होईल. सध्या मी सायरनचे ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात लावून तिला खाऊ देते आणि आवाज थोडा थोडा वाढवते. एवढी तयारी पुरेशी आहे का, की केंद्राबाहेर दूर उभे राहून प्रत्यक्ष आवाजाची सवय करावी? ती वारंवार जांभया देऊ लागली, ओठ चाटू लागली किंवा तोंड फिरवू लागली, तर ताण आला असे समजून मी तिला लगेच बाहेर नेईन. परंतु मुळात एक भेट किती वेळाची असावी, हे कोणी अनुभवाने सांगेल का? आपल्याकडच्या उन्हाळ्यात डांबरी रस्त्याने पंजे भाजतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतरच जाण्याचा माझा विचार आहे.

याहून नाजूक प्रश्न माणसांचा आहे. काहींना कुत्र्यांची भीती असते, काहींना लहानपणी कुत्रा चावलेला असतो, काहींना घरच्या रीतीमुळे स्पर्श नको असतो. शिवाय ‘आम्हांला काय झाले आहे?’ असे कोणाला वाटून अपमान होऊ नये. ज्याला यावेसे वाटेल त्याने यावे, कोणाचे नाव लिहू नये, छायाचित्र काढू नये, असे नियम मी ठरवले आहेत. यांत आणखी काय असावे?

परवानगीसाठी अर्ज आधी अग्निशमन केंद्रप्रमुखांकडे द्यावा की थेट महापालिका आयुक्तांकडे? अर्जासोबत पशुवैद्यकाचा दाखला पुरेल, की कुत्रीच्या स्वभावाची चाचणीही लागेल, आणि ती सोलापुरात किंवा पुण्यात कोण करते? असे काम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे. अग्निशमन किंवा रुग्णवाहिका सेवेतील कोणी हे वाचत असतील, तर अशी भेट त्यांना हवीशी वाटेल की नाही, हेही स्पष्ट सांगावे. नको असल्यास तसे सांगायलाही संकोच करू नये.