मदत हवी आहे: सातव्या महिन्यात शुगर, रात्रीचं इन्सुलिन आणि तोंडावर आलेले गणपती

कांजूरकरीण:
नमस्कार मंडळी, एरवी मी इथे नुसती रेसिप्या वाचून पळते पण आता गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतेय. लांबलचक झालाय, सांभाळून घ्या.

मला सातवा चालू आहे, पहिलटकरीण, वय ३१. आधी शुगर कधीच नव्हती, आईला मात्र आहे. पंचविसाव्या आठवड्यात ती ग्लुकोजचं पाणी पिऊन करतात ती टेस्ट झाली, ७५ ग्रॅम पावडर, लिंबू पिळून ढकललं कसंबसं, दोन तासांनी १६८. १४० किंवा वर गेली की प्रेग्नन्सीतला डायबिटीस धरतात म्हणे. डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं, ग्लुकोमीटर घ्यायला लावला आणि दोन आठवडे फक्त खाणं आणि चालणं यावर ठेवलं. जेवणानंतरच्या शुगर आल्या की वळणावर, दोन तासांनी ११०-११५ येतात, १२० च्या आत हव्यात. पण सकाळची उपाशीपोटीची काही केल्या ऐकत नाहीये. ९५ च्या आत पाहिजे आणि माझी १०२, १०५, मध्येच एकदा ९८ आली तर मी नाचायचीच बाकी राहिले. रात्रीचा भात बंद केला, पोळी एकावर आणली, तरी तेच, आणि एकदा वैतागून रात्री जेवलेच नाही तर सकाळी उलट जास्त! हे कुठलं गणित?

आता डॉक्टर म्हणताहेत रात्री झोपताना इन्सुलिन सुरू करू. झालं, घरात वादळ. सासूबाईंचं म्हणणं एकदा सुई लागली की जन्माची लागते, आमच्याकडे अमक्यांचं तसंच झालं वगैरे. बाई प्रेमळ आहेत हो, माझ्यासाठी स्वतः नाचणीची पेज करतात (तिनेही शुगर उडते हे त्यांना सांगायचं धाडस अजून झालेलं नाही) पण मे महिन्यात हापूस खाल्लास त्याचं हे फळ, असं येताजाता ऐकून आता कान किटले. मी मुळात गोडखाऊ नाही, चहासुद्धा अर्धा चमचा साखरेचा पिते, म्हणजे प्यायचे.

तर विचारायचंय की इन्सुलिन बाळापर्यंत जातं का, त्याला काही होईल का, ते नंतर सुटतं का, आणि नवऱ्याची सेकंड शिफ्ट असल्याने आमचं जेवण साडेदहाला होतं त्याचं काय करू. शिवाय हरतालिका आलीय, आमच्याकडे निर्जळी करतात, आणि गणपतीला सगळे गावी कणकवलीला निघालेत, तेव्हा ते इन्सुलिन टोचायचं पेन प्रवासात कसं न्यायचं. कुणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा. ज्यांना 'गूगल कर' सांगायचंय त्यांच्यासाठी, केलं, रात्री दोनला केलं आणि मग झोपच लागली नाही.

रमा_दादर:
अगं आधी श्वास घे. माझ्या दुसऱ्या खेपेला सेम टू सेम, उपाशीपोटीचीच वर. रात्री एक इंजेक्शन, सुई केवढी तर ४ मिलीमीटर, पोटाच्या बाजूला टोचायची, पहिल्या दिवशी मी पंधरा मिनिटं पेन हातात धरून बसले आणि टोचल्यावर कळलंच नाही की झालं. बोट टोचण्यापेक्षा कमी दुखतं, खरंच. डिलिव्हरी झाली त्या दिवशी बंद केलं, परत लागलं नाही. तुमच्या ओळखीतल्यांना लागून राहिलं असेल तर त्यांना मुळातच टाइप टू, म्हणजे नेहमीचा कायमचा डायबिटीस असणार, ती वेगळी गोष्ट.

नाईट_ड्युटी:
मी लेबर वॉर्डला स्टाफ आहे, रोज बघते म्हणून लिहिते, पण डोस बिस तुझ्या डॉक्टरांनाच विचार.

तुझं गणित असं की रात्री आपण जेवलो नाही तरी लिव्हर साखर सोडतच असतं आणि पहाटे शरीरातले हार्मोन्स त्याला अजून जोर देतात. त्यात वारेतून (प्लासेंटातून) येणारे हार्मोन्स आईच्या इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत, जसे महिने भरतात तसं हे वाढतं, म्हणून तर सहाव्या-सातव्यात पकडलं जातं. ज्यांच्या शरीराला जास्तीचं इन्सुलिन बनवता येतं त्यांचं निभावतं, ज्यांना जमत नाही त्यांची शुगर चढते. आईला डायबिटीस आहे तेव्हा तुझा कल होताच. हापूस बिचारा फुकट बदनाम.

आता बाळाचं. साखर वारेतून बाळाकडे जाते, पण तू टोचलेलं इन्सुलिन जवळपास पलीकडे जात नाही. म्हणजे तुमच्या घरी ज्याची भीती आहे ते उलटं आहे, सुई बाळाला पोचत नाही, न घेतलेल्या सुईची साखर पोचते. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन भरमसाट बनवतं, त्याने चरबी धरते, खांद्यांवर आणि पोटावर जास्त. चार किलोच्या वरची बाळं होतात, डोकं येतं आणि खांदा अडकतो, तेव्हा खोलीत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. आणि नाळ कापली की साखर एकदम बंद पण बाळाचं इन्सुलिन तसंच जोरात, म्हणून पहिल्या काही तासांत बाळाची शुगर पडते. आम्ही टाचेतून थेंब काढून बघतो, बाळ गुबगुबीत दिसत असतं, नातेवाईक 'काय गोंडस' म्हणत असतात आणि ते बाळ थरथरत असतं. म्हणून पहिल्या तासातच अंगावर पाजायचं, हे आत्तापासून घरच्यांना सांगून ठेव. कावीळ, श्वासाचा त्रासही अशा बाळांना जास्त. आईला बीपी वाढायची आणि सिझरची शक्यता वाढते. पण हे सगळं शुगर सोडून दिली तर, ताब्यात ठेवली की धोका बराच खाली येतो. तुझी जेवणानंतरची ताब्यात आहे, अर्धी लढाई मारलीस.

आणि रात्री उपाशी राहायचं बंद कर. भात पोळी पूर्ण तोडली की शरीर चरबी जाळून कीटोन्स बनवतं, ते पोटातल्या बाळासाठी बरे नाहीत. तू आठ-सव्वाआठला जेवून घे, नवऱ्यासाठी थांबू नकोस. तो आला की त्याच्यासोबत बसून बिनसाखरेचं दूध, चार बदाम घे हवं तर. सकाळची तपासणी आठ-दहा तासांच्या अंतराने होऊ दे.

हरतालिका निर्जळी नको म्हणजे नको. रात्री इन्सुलिन आणि दिवसभर पाणीही नाही, चक्कर येऊन पडशील. उपासच करायचा तर डॉक्टरांना विचारून ताक, शेंगदाणे, थोडं रताळं असं तासातासाने, साबुदाण्याची खिचडी मात्र नाही, ती शुगर सरळ आभाळात नेते.

वाचतो_बुवा:
एक भर घालतो. बायकोच्या वेळी डॉक्टरांनी एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलं होतं, 'हापो' नावाचा, २००८ साली छापून आला, ९ देशांतल्या जवळपास २५ हजार गर्भवती त्यात होत्या. त्यातून दिसलं की धोका कुठल्या एका आकड्यापाशी अचानक सुरू होत नाही, शुगर वाढत जाते तसा तोही वाढत जातो. म्हणून १०२ म्हणजे 'थोडीशीच तर आहे' असं कुणी म्हणालं तर सोडून देऊ नका. बाकी सातव्या महिन्यात मुंबई-गोवा हायवेने कणकवली? वहिनी, तिथले खड्डे धडधाकट माणसाचं पोट हलवतात.

रमा_दादर:
हायवेचं बरोबर बोलले. ट्रेनचं रिझर्व्हेशन असेल तर आणि डॉक्टर हो म्हणाले तरच जा. पेनचं सोपं आहे, न उघडलेलं फ्रीजमध्ये ठेवायचं, दाराच्या कप्प्यात, बर्फाच्या खणात नाही. वापरातलं साधारण महिनाभर बाहेर राहतं पण आपल्या मुंबईच्या उकाड्यात खिडकीत, गॅसजवळ नको, मी ऑफिसला नेताना छोट्या थंड पिशवीत टाकायचे. पर्समध्ये ग्लुकोजचं पाकीट कायम, हातपाय कापले, घाम फुटला की आधी तपासायचं, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे पाण्यातून घ्यायचे आणि पंधरा मिनिटांनी परत बघायचं. आणि तपासायला बोट टोचण्याआधी हात धू गं, मी एकदा पपई कापून तसंच बोट टोचलं तर १८०, जीव घाबराघुबरा.

बाळंतपणानंतरची टेस्ट चुकवू नकोस, ६ ते १२ आठवड्यांत परत तेच ग्लुकोजचं पाणी. तेव्हा बाळाच्या गडबडीत सगळ्या विसरतात. माझी नॉर्मल आली, तरी दरवर्षी करते, कारण पुढे टाइप टूची शक्यता आपल्याला इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते.

कांजूरकरीण:
रडूच आलं वाचून, थँक्यू सगळ्यांना. नाईट ड्युटी ताईंचा 'न घेतलेल्या सुईची साखर' हा परिच्छेद नवऱ्याने सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत पण हरतालिकेचं मीच तुझ्या वाटचं करीन म्हणाल्या, एवढं माझ्यासाठी पुष्कळ. गावी यंदा फक्त नवरा आणि दीर जातील. कालपासून रात्रीचं इन्सुलिन सुरू केलंय. आज सकाळी १०१, म्हणजे लगेच काही फरक नाही, डोस वाढवायला सांगू का? आणि त्या वापरलेल्या सुया कचऱ्यात टाकायच्या का, कचरेवाल्या मावशींच्या हाताला लागेल अशी भीती वाटते.

नाईट_ड्युटी:
एका दिवसात काही कळत नाही, तीन-चार सकाळचे आकडे वहीत लिही आणि डॉक्टरांना दाखव, ते हळूहळू वाढवतात. स्वतःहून एक युनिटही नाही. सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात, शाम्पूची बाटली चालते, झाकण घट्ट लावून भरली की तपासणीला जाताना हॉस्पिटलमध्ये नेऊन दे, आमच्याकडे घेतात, तुमच्याकडेही विचार. आणि हो, नाचणीच्या पेजेचं मी सांगते सासूबाईंना, पेजेऐवजी भाकरी करा म्हणावं, सोबत मुगाची उसळ.